टाकीत दिसलेलं तोंड

मेणबत्त्यांच्या त्या कारखान्यात त्याला समोर सगळे फिटर म्हणत आणि पाठ वळली की कशाचंराव. हे दुसरं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. स्टोअरच्या खिडकीशी येऊन कुणी थर्मामीटर मागितला, की तो चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "कशाचं?"

"कशाचं म्हणजे? तापमान बघायचंय."

"तापमान हवेत लटकत नाही. मेणाचं बघायचंय, पाण्याचं, खोलीचं, का तुझ्या डोक्याचं?"

मेणाचं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, किती खोल? आणि त्यानंतर तिसरा, आकडा बघून करणार काय? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत खिडकीतून काही बाहेर यायचं नाही. माणसं चडफडत. एकदा एकानं खिडकीवर बुक्की मारली होती. फिटरनं खिडकी लावून घेतली आणि आतून डबा उघडून जेवायला बसला.

त्याच्या मागे भिंतीवर एक फळी होती. फळीवर अकरा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगानं काढलेला त्या-त्या थर्मामीटरचा आकार. जागा रिकामी असली की लांबूनही कळायचं काय बाहेर गेलंय. लांब काचेचा थर्मामीटर त्यानं फक्त स्वतःपुरता ठेवलेला, बाकीचे तपासून घ्यायला. तो कुणालाही मिळत नसे. काच फुटली आणि मेणात पडली तर ती शोधणार कोण? टाक्यांच्या झाकणात पोलादी दांड्याचे, घड्याळासारखी तबकडी असलेले. दांडा चार बोटं तरी मेणात बुडला पाहिजे. नुसतं टोक बुडालं तर निम्मं मेणाचं आणि निम्मं वरच्या वाफेचं तापमान मिळतं, म्हणजे कशाचंच मिळत नाही. जाड मेणबत्ती आतून थिजली का हे बघायला सुईसारखा बारीक, वायर जोडलेला. गोदामाला असा, की ज्याचे दोन काटे दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तिथंच धरून ठेवतात, कारण सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गोदामात उभा राहणार कोण? आणि तापाचा औषधपेटीत. त्याच्या नळीचा गळा आवळलेला असतो, म्हणून झटकल्याशिवाय पारा उतरत नाही. आजाऱ्याला ते बरं, दुसऱ्या कशाला नाही.

हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात त्यानं तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात बुडवला होता. तो टचकन फुटला. वस्तादानं कानाखाली काढली आणि म्हणाला, "त्याची उडी बेचाळीसपर्यंत. तू त्याला ऐंशीत ढकललास. फुटला तो नाही, तुझी अक्कल फुटली." ती कानशिलातली झिणझिणी तो पुढे चाळीस वर्षं लोकांना वाटत राहिला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो बर्फ कुटायचा. त्यात थोडं पाणी घालून काला करायचा आणि एकेक थर्मामीटर त्यात उभा करायचा. काटा शून्यावर आला पाहिजे. मग उकळत्या पाण्यात. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तरी तो त्या थर्मामीटरला चिठ्ठी बांधायचा. या कामाला अख्खा दिवस जायचा आणि त्या दिवशी स्टोअर बंद. कारखाना त्याला शिव्या घालायचा. तो काला ढवळत राहायचा.

घरीही तीच तऱ्हा. मुलगी लहान असताना तापानं फणफणली होती, बायको औषधाची बाटली हातात धरून उभी, आणि हा घड्याळ बघत बसलेला. "पाच मिनिटं म्हणजे पाच." बायको म्हणाली होती, "मी मेले तरी आधी बगलेत थर्मामीटर लावून बघाल, खरंच गार झाली का म्हणून." मुलगी लग्न होऊन गेली तरी ते वाक्य घरातून गेलं नाही.

बायकोचा धाकटा भाऊ याच कारखान्यात होता. त्याला चिकटवला होता फिटरनंच. पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. पुढे तो मालकाच्या गाडीचं दार उघडू लागला, मग त्याच्या केबिनचं, आणि एक दिवस सुपरवायझर झाला. झाल्यावर वर्षाच्या आत त्यानं एक खोकं आणलं. त्यात तापमान मोजायच्या सहा बंदुका. खटका दाबला की लाल ठिपका पडतो आणि पाठीवर आकडा दिसतो. हात लावायला नको, झाकण उघडायला नको.

"दाजी, तुमचं संग्रहालय बंद," मेहुणा खिडकीशी येऊन म्हणाला. मागे पाच-सहा जण मजा बघायला जमलेले. "आता सगळ्याला एकच."

"सगळ्याला एकच औषध भोंदू देतो."

"चला, बघूच." मेहुण्यानं जुन्या टाकीच्या पोटावर बंदूक रोखली. चौऱ्याहत्तर. झाकणातल्या तबकडीवर पंचाहत्तर. माणसं हसली. मेहुण्याला चेव आला. त्यानं बंदूक फिटरच्या कपाळाकडे वळवली. "आता कशाचंरावांचं! तेहतीस. अरेरे, दाजी, तुम्ही तर केव्हाच गार झालात!"

हशा असा उठला की साचे लावणाऱ्या बायकाही काम टाकून आल्या. त्यातल्या एकीनं, जिला सगळे साचेवाली म्हणत, तोंडाला पदर लावून टोमणा मारला, "म्हाताऱ्या गाढवाला ताप तरी कुठून येणार?" फिटरनं तिच्याकडे एकदा बघितलं.

त्या आठवड्यात फळी उतरवली गेली. टाक्यांच्या झाकणातल्या तबकड्या काढून भोकांत बोल्ट मारले. त्यानं स्वतःच मारले, कारण दुसऱ्यानं मारलेले गळले असते. फळी त्यानं स्टोअरच्या मागे उलटी करून ठेवली. रिकाम्या खिळ्यांखाली ते पांढरे आकार तसेच राहिले.

तीन महिने बंदुका चालल्या. फिटर रोज कान टवकारून होता, पण कुठं काही बिघडलं नाही. त्याला त्याचं कारण माहीत होतं. जुन्या टाक्या धुरानं, मेणानं, जळक्या रंगानं काळ्या झालेल्या. काळं, मळकं, खरबरीत भांडं आपली धग मोकळेपणानं बाहेर टाकतं, आणि बंदूक तीच धग पकडते.

मग नवी टाकी आली. चौघांनी धरून आत आणली आणि जुन्या तीन टाक्यांच्या शेजारी ठेवली. चकचकीत पोलाद, आरसा झक मारेल असं. फिटर हात पुसत तिच्यापुढे उभा राहिला तर टाकीच्या पोटात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, जरा पसरट, नाकाशेजारच्या चामखिळीसकट.

तो तिथं मिनिटभर तरी उभा होता. वस्ताद सांगायचा, जे भांडं तोंड दाखवतं ते ताप लपवतं. चकचकीत पत्रा आपली धग आतच धरतो आणि समोरच्या खोलीची ऊब तेवढी परत फेकतो. बंदुकीला वाटतं टाकीचंच तापमान. उपाय क्षुल्लक होता. तळहाताएवढी काळी चिकटपट्टी टाकीच्या पोटावर लावायची आणि बंदूक तिच्यावरच धरायची. चिकटपट्टी त्याच्या खणात होती. जाऊन यायला वीस पावलं.

मेहुणा पलीकडे उभा राहून माणसांना ओरडत होता. फिटरनं त्याच्याकडे बघितलं. मग मनाशी म्हणाला, विचारू दे ना. बंदूक कशावर धरायची ते विचारू दे एकदा. आणि तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचेवालीची पाळी होती. तिनं हीटर चालू केला आणि तासाभरानं नव्या टाकीवर बंदूक धरली. अडतीस. अर्ध्या तासानं पुन्हा धरली, त्रेचाळीस. ती मेहुण्याकडे गेली. "साहेब, आकडा चढत नाहीये."

"टाकी जाड आहे. हीटर पूर्ण उघड."

"झाकण उघडून बघू का?"

"उघडलं की गार होतं. तुला बंदूक कशाला दिलीय?"

आणखी तासाभरानं साठ झाले. मेण ओतायचं पंचाहत्तरला. मेहुणा घड्याळ बघत म्हणाला, "ओत आता. वितळलंय ना? साचे किती वेळ तिष्ठत ठेवणार? साठाला काय पोळतंय."

साचे धुऊन ठेवलेले होते. पंचाहत्तरच्या मेणाखाली पाण्याचा थेंब राहिला तर मेणबत्तीला फोड येतो, बाकी काही होत नाही. पण त्या टाकीतलं मेण पंचाहत्तर नव्हतं आणि साठही नव्हतं. पहिल्याच साच्यात तळाच्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि मेण उसळून वर आलं. साचेवालीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून निघाला.

किंकाळी ऐकून फिटर धावला. आधी हीटरचा खटका खाली ओढला, मग तिचा हात धरून नळाखाली नेला. ती लाथा झाडत होती. "सोडा! अहो, सोडा मला!" त्यानं सोडलं नाही. घड्याळाकडे बघत वीस मिनिटं धरला. तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग गाडी आली आणि तिला घेऊन गेली.

सगळे दारात गाडीमागे उभे होते तेवढ्यात त्यानं स्टोअरमधून लांब काचेचा थर्मामीटर आणला, झाकण उघडलं आणि तो मेणात खुणेपर्यंत बुडवून थांबला. एकशे बेचाळीस. खाली पडलेली बंदूक उचलून टाकीच्या पोटावर धरली. एकोणसाठ. दोन्ही आकडे त्यानं खडूनं खणाच्या आतल्या बाजूला लिहिले.

तिसऱ्या दिवशी कागद तयार झाला. 'कामगाराने आकडा चुकीचा वाचला.' शनिवारी साचेवालीनं येऊन सही करायची. सही केली की चूक तिची आणि नोकरी गेली. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत सुपरवायझरच्या शब्दापुढे साचे लावणाऱ्या बाईचा शब्द कोण धरणार?

शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा घरी आला. बहिणीनं पुढे केलेला पाट पायानं सरकवून खुर्चीवर बसला.

"दाजी, उद्या तुम्ही स्टोअरमध्येच थांबा. तुम्ही काही बघितलं नाही."

"मी एकशे बेचाळीस बघितले."

"तुमच्या त्या काचेच्या काडीत? कोण विचारतंय काडीला?"

"चकचकीत भांड्यावर तुझी बंदूक चालत नाही," फिटर म्हणाला. "एवढंही कळत नाही आणि सुपरवायझर म्हणवतोस. चार बोटं काळी चिकटपट्टी लावायची असते."

मेहुणा हळूच म्हणाला, "तुम्हाला कळत होतं?"

फिटर तांब्या उचलून पाणी प्यायला.

"ताई, ऐकलंस? यांना कळत होतं. टाकी आली तेव्हा हे तिच्यापुढे उभे होते, मी बघितलंय. आरशात बघावं तसे." त्याच्या आवाजात आता धार आली. "उद्या बोलायचं तर खुशाल बोला. पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. आठ महिने राहिलेत तुमचे. हारतुरे घेऊन घरी जायचं, की हाकलून घेऊन, तुमचं तुम्ही ठरवा."

तो गेल्यावर बायकोनं ताट वाढलं. तिचे हात नेहमीपेक्षा जोरात आदळत होते.

"माझ्या भावाला बुडवलंत तर या घरात माझ्याशी बोलायचं नाही."

"आणि ती बाई?"

"तिची आठवण आत्ता झाली का? टाकीपुढे उभे होतात तेव्हा कुठं होती ती?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं. आयुष्यभर तो दुसऱ्याला कोंडीत पकडत आला होता. त्याला कुणी असं नेमकं धरलं नव्हतं.

शनिवारी साचेवाली आली. हात कोपराच्याही वरपर्यंत बांधलेला, गळ्यात अडकवलेला. मालकाच्या केबिनमध्ये टेबलावर कागद होता. मेहुण्यानं पेन उघडून तिच्या डाव्या हातात दिलं.

"डाव्यानं चालेल. नुसतं नाव काढायचं."

दार ढकलून फिटर आत आला. एका हातात बंदूक, दुसऱ्यात काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मालक म्हणाला.

"कुणी नाही. तुमची किटली तापलीय?"

कोपऱ्यात चहाची पोलादी किटली नुकती उकळली होती, तिची खळखळ थांबत होती. लख्ख घासलेली. फिटरनं तिच्यावर बंदूक धरली आणि आकडा मालकापुढे केला. छत्तीस.

"आता बोट लावा."

"चेष्टा करताय?"

"छत्तीसच आहे. तुमच्या अंगाला तेवढंच असतं. लावा."

मालकानं बोट लावलं आणि सी करून मागे घेतलं. फिटरनं पट्टीचा तुकडा तोडला, किटलीला चिकटवला, अंगठ्यानं घासून बसवला, आणि दहा आकडे मोजून बंदूक त्याच्यावर धरली. एक्क्याण्णव.

"बाईंनी आकडा बरोबर वाचला," तो म्हणाला. "आकडाच खोटा होता. टाकीत एकशे बेचाळीस होते, मी स्वतः मोजलेत. झाकण उघडू का म्हणून त्यांनी विचारलं होतं. यानं नको सांगितलं."

"कोण म्हणतं?" मेहुणा ओरडला.

"ती म्हणते. आणि जुन्या टाक्यांच्या झाकणांतले थर्मामीटर काढून बोल्ट मारायला लावले ते तू. ते बोल्ट बघायला सहीची गरज नाही."

मालकानं किटलीकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. त्यानंतर पोळलेलं बोट तसंच धरून फिटरला विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

नंतर कळलं, असं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मेहुणाही वाट बघत होता. फिटर खोटं बोलला तर तो बोलणार हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण फिटरनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो त्या बांधलेल्या हाताकडे बघत होता.

"टाकी आत आली तेव्हा. आदल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." तो थांबला. आपलं उत्तर त्याला स्वतःलाच पटलं नाही. अर्ध्या अंशाची चूक असली तरी चिठ्ठी बांधणारा माणूस तो. "तसं नाही. याचं नाक कापलं जावं म्हणून."

मालकानं कागद फाडला. साचेवालीची नोकरी राहिली. मेहुण्याला सोमवारपासून टाकीवर उभं राहायला सांगितलं. आणि फिटरला सोमवारपासून येऊ नका म्हणाला. जाण्याआधी फळी होती तशी लावा आणि तबकड्या झाकणात बसवून द्या, एवढंच.

साचेवाली पेन टेबलावर ठेवून उठली. फिटरला वाटलं ती काहीतरी बरं बोलेल. माणूस म्हातारा झाला तरी असं वाटायचं राहत नाही.

"हा अडाणी आहे," ती मेहुण्याकडे हनुवटी करून म्हणाली. "अडाण्यानं भाजलं तर एक वेळ गिळता येतं. तुम्ही तर शहाणे होतात."

दुपारभर त्यानं काम केलं. बोल्ट काढले, तबकड्या काल्यात उभ्या करून तपासल्या, चार झाकणांत बसवल्या. नव्या टाकीच्या झाकणाला भोकच नव्हतं, ते पाडलं. फळी सुलटी करून भिंतीला ठोकली. घाई केली नाही. घरी जायची त्याला तशीही घाई नव्हती.

साचेवाली गेली नव्हती. डाव्या हातानं खिडकीचा कठडा धरून ती बघत उभी होती. "हा कशाला?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"आणि तो दोन काट्यांचा?"

तेही सांगितलं. तिनं अकराही विचारले. मध्येच म्हणाली, "हळू सांगा, मला लक्षात ठेवायचंय. परत तुमच्या दारात यायचं नाहीये." तो सुईवाल्याबद्दल बोलताना चुकला, वायरीची लांबी आधी एक, मग दुसरीच सांगितली, तर तिनं तिथल्या तिथं पकडलं. "मघाशी वेगळं बोललात." त्यानं मान हलवली आणि नीट सांगितलं.

शेवटी त्यानं चिकटपट्टीची गुंडाळी उचलली आणि नव्या टाकीकडे निघाला. ती आडवी आली.

"द्या इकडे."

"एका हातानं जमणार नाही."

"द्या."

तिनं पट्टीचं टोक दातांत धरलं, डाव्या हातानं ओढलं आणि चावून तोडलं. टाकीच्या पोटात फिटरचं तोंड होतं, पसरट, चामखिळीसकट. तिनं पट्टी बरोबर त्याच्यावर बसवली, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, आणि अंगठ्यानं कडेकडेनं घासत गेली. एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला. फिटरचा हात पुढे झाला आणि थांबला. तिला तो फुगा दिसला. तिनं पट्टी अर्धी सोडवून पुन्हा लावली.

मग बंदूक उचलून तिनं त्या काळ्या तुकड्यावर धरली आणि आकडा मोठ्यानं वाचला, त्याच्याकडे न बघता.

"बावीस."

टाकी गार होती. फिटरनं डबा काखेत मारला आणि निघाला.